पाच वर्षांपुरती आई

माझी आई, बर्था हॉग्बेन, हिनं तीन मुलं वाढवली. त्यातली मी तिच्या पोटची. उरलेली दोघं लंडनच्या संस्थेची, आणि ती दोघंही तिनं स्वतः बोट धरून परत नेऊन दिली.

आमच्या विंडलडेनमध्ये तेव्हा यात जगावेगळं काही नव्हतं. लग्नाआधी मूल झालेल्या मुली ते मूल संस्थेत सोपवून जायच्या. संस्था त्याला नवं नाव ठेवायची आणि केंटमधल्या आमच्यासारख्या खेड्यात एखाद्या बाईच्या ओटीत घालायची. मूल साडेपाच-सहा वर्षांचं झालं की परत बोलवून घ्यायची, शिकवायला, वळण लावायला. मधल्या वर्षांत आठवड्याला थोडे शिलिंग यायचे, वर्षाला दोन बूटजोड यायचे, आणि महिन्यातून एकदा टोलहर्स्ट नर्सबाई सायकलवरून यायच्या, मुलाचे दात, कान, नखं तपासायला. आमच्या चर्चगल्लीत अकरा घरं. त्यातल्या चार घरांत संस्थेची मुलं होती. आपण संस्थेचे आहोत हे त्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकही नसायचं.

आईनं पहिलं मूल घेतलं ते १९२५ साली. मी चार वर्षांची होते. माझ्या पाठचा भाऊ जन्मला आणि तिसऱ्या दिवशी गेला. मला त्यातलं एवढंच आठवतं, की आई चुलीशी, माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि वळली तेव्हा तिचा झगा छातीवर ओला झाला होता. आठवड्यानं टोलहर्स्टबाई आल्या.

"बर्था, एक मुलगा आलाय लंडनला. अगदी किरकोळ आहे. बाटलीचं दूध पोटात ठरत नाही त्याच्या."

"नको हो बाई."

"नुसता बघ तरी."

"बघितला की संपलंच की मग," आई म्हणाली.

तिनं बघितला. त्याचं नाव मॅथ्यू. पहिले दोन महिने तो जगतो की जातो अशी गत होती, पण आईच्या दुधावर असा काही बाळसं धरून बसला, की दोन वर्षांचा असताना माझ्या ताटातलं ओढून खायचा.

आई ठेंगणी, रुंद हाडाची. तिचं हसू चार घरं सोडून ऐकू जायचं. शिकलेली बेताची, पण मुलांचं काही म्हणून ती विसरायची नाही. रात्री निजताना आम्हाला गोष्ट हवी असायची, तर ती आमच्याच गोष्टी सांगायची. "एनिड, तुझा पहिला दात आला ना, त्या दिवशी फॅगबाईच्या धुराड्यानं पेट घेतला होता. गल्ली सगळी बादल्या घेऊन पळतेय, आणि मी दारात उभी राहून ओरडतेय, अगं दात आला, दात आला!" मॅथ्यूला त्याची गोष्ट आवडायची ती हंसाच्या पाठीवर बसायला गेला त्याची. पुनःपुन्हा ऐकायचा. ऐकता ऐकता झोपायचा.

डॉर्कस आली १९२९ च्या सप्टेंबरात. बियरमध्ये घालायच्या हॉप्सच्या बोंडांची तोडणी जोरात होती. सगळं गाव मळ्यात, वर लंडनहून आलेली माणसं. टोलहर्स्टबाई सायकल बांधावर टाकून, बाळ घेऊन थेट मळ्यात आल्या, कारण घरी कोणी नव्हतंच. आईचे हात हॉप्सनं काळेहिरवे झालेले. तिनं ते झग्याला पुसले आणि बाळ घेतलं. मग तोडलेल्या हॉप्सच्या ढिगावर शाल पसरली आणि त्यावर तिला निजवलं. हॉप्सच्या वासानं गुंगी येते म्हणतात. ती पोर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठली नाही. बाबा हॉप्स वाळवायच्या भट्टीवरून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मेली नाही ना गं?"

"मेली नाही, रमली," आई म्हणाली.

मॅथ्यूला परत नेलं तेव्हा डॉर्कस दीड वर्षाची होती. मॅथ्यूला सांगितलं होतं, आगगाडीत बसायचंय. तो उड्या मारत गेला. आई संध्याकाळी एकटीच आली आणि टोपी न काढता भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी. बाबा म्हणाले, "बर्था, पुरे." तिनं ऐकलं नाही. रात्री मी जिन्यात बसले होते तेव्हा तिचा आवाज आला, "ही गेली की संपलं. पुन्हा मी कोणाला घेणार नाही." डॉर्कस तेव्हा तिच्या खांद्यावर झोपलेली होती.

आता मला वाटतं, त्या दिवसापासून आई डॉर्कसचे दिवस मोजत होती. आम्हाला ते कळत नव्हतं. डॉर्कस माझ्या बिछान्यात झोपायची. थंडीत तिचे बर्फासारखे पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची आणि मी ढकललं की हसायची. ती हडकुळी होती, तपकिरी डोळ्यांची, बोलघेवडी. मला तिचा थोडा रागही यायचा. दहा-बारा वर्षांच्या मुलीला शेपटासारखी मागे फिरणारी धाकटी नको असते. "एनिड, मी पण." "एनिड, थांब ना." मी थांबायची, पण तोंड वाकडं करून.

१९३४ च्या हिवाळ्यात बाबांनी संस्थेला पत्र लिहिलं. बाबांना लिहायची सवय नव्हती. तीन रविवार लागले. मुलगी आमच्याकडेच राहू द्यावी, पैसे नकोत, बूट नकोत, आम्ही तिला आमचं नाव देऊ, असं लिहिलं. उत्तर टाइप केलेलं आलं. नियम सर्वांना सारखे आहेत, मुलांच्या भल्याचेच आहेत, आणि हॉग्बेन कुटुंबानं केलेल्या सेवेबद्दल संस्था आभारी आहे.

टोलहर्स्टबाई आल्या तेव्हा आईनं त्यांना अंगणातच गाठलं.

"एक पेनीसुद्धा नको मला, बाई. फक्त तिला ठेवू द्या."

"माझ्या हातात असतं तर मी काय नाही म्हटलं असतं, बर्था? जन्म देणारी उद्या आली न्यायला, तर संस्थेनं काय सांगायचं?"

"पाच वर्षांत आलीये का ती?"

बाई सायकलच्या घंटीवर बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिला आधी काही सांगू नकोस हं. उगाच रडून रडून तापतात. त्या दिवशी म्हणायचं, फिरायला जातोय. सगळ्या तेच करतात."

शेजारच्या फॅगबाईंनी हे कुंपणापलीकडून ऐकलं. बाई वाईट नव्हत्या, पण जीभ हाताबाहेर गेलेली. म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घेतेस गं? दुसरं मिळेल की. मांजरीची पिल्लं नाही का आपण देऊन टाकत?"

आईच्या हातात धुण्याच्या पाण्याची बादली होती. तिनं ती फॅगबाईंच्या बुटांवर ओतली. चुकून नव्हे. दोघी पुढं दीड वर्ष बोलत नव्हत्या.

एप्रिलात दिवस ठरला. बाबा त्या सकाळी डॉर्कस उठायच्या आत खोलीत आले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि न्याहारी न करता बाहेर पडले. ते कुठं गेले होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मला चौदावं लागलं होतं. आईनं मला बरोबर घेतलं. परत येताना एकटी नको म्हणाली. डॉर्कसला निळा लोकरीचा फ्रॉक घातला होता, आईनं हिवाळाभर विणलेला. आमची एक कोंबडी तेव्हा अंड्यांवर बसली होती आणि पिल्लं फुटायच्या बेतात होती. दारातून निघताना डॉर्कसनं विचारलं, "आपण परत कधी येणार?"

आई आरशासमोर टोपीची पिन लावत होती. तिचे हात थांबले. 

"चहाच्या वेळेला," मी म्हटलं.

मला कोणी सांगायला सांगितलं नव्हतं.

लंडनला गाडी बदलली, तिथून पुढं तासभर. संस्था आता लंडनबाहेर हलली होती; इमारत माळावर, नवीकोरी, लाल विटांची, आणि इतकी लांबरुंद की डॉर्कस म्हणाली, "राजाचं घर आहे का?" आत एका दालनात बाकं होती. केंटमधून आलेल्या सात-आठ बाया बसल्या होत्या, प्रत्येकीजवळ नटवलेलं मूल. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मग पांढऱ्या टोपीची एक बाई आली आणि गोड आवाजात म्हणाली, "चला, मुलांनो, आत लाकडी घोडा आहे. कोणाला बघायचाय?"

मुलं तिच्यामागे गेली. डॉर्कस दारात थांबून वळली आणि मला म्हणाली, "एनिड, तू पण ये ना." मी म्हटलं, "तू हो पुढं."

दार लागलं. थोडा वेळ काही नाही. मग आतून एक मूल रडायला लागलं, मग दुसरं, मग सगळीच. आपलं कोणतं ते ओळखू येत नव्हतं. एक बाई उठून दारावर हात आपटायला लागली. तिला दोघींनी धरून बाहेर नेलं.

अर्ध्या तासानं मेट्रनबाई प्रत्येकीला एकेक पुडकं देत आल्या. मुलांच्या अंगावरचे कपडे होते. निळा फ्रॉक, आतले कपडे, मोजे, बूट, सगळं घडी करून, दोऱ्यानं बांधून. आईनं ते हातात घेतलं आणि भराभर बोलायला लागली.

"तिला पावाची कड चावत नाही. काढून द्यावी लागते. आणि झोपताना खिडकी थोडी उघडी लागते, बंद असली की घाबरते. डाव्या कानाशी मोठ्यानं बोललेलं आवडत नाही, मागं कान फुटला होता तिचा. आणि तिला एकदम उठवू नका. आधी पायाला हात लावायचा, मग…"

"मिसेस हॉग्बेन," मेट्रनबाई म्हणाल्या, त्याही काही ओरडून नव्हे, "आमच्याकडे चारशे मुलं आहेत."

गाडीत आईनं पुडकं मांडीवर धरलं होतं. विंडलडेन येईपर्यंत ती एकदाच बोलली. "कपडे अजून गरम होते गं."

जुलैमध्ये खेळांचा दिवस असायचा, त्या दिवशी भेटायला परवानगी होती. आई आठवडाभर तयारी करत होती. दूधसाखरेचा टार्ट केला, चेरी घेतल्या, पिल्लं केवढी झाली ते सांगायचं म्हणून एक पीस घेतलं. मीही गेले. मैदानाच्या कडेला मुली रांगेत उभ्या केल्या होत्या, तपकिरी जाडेभरडे झगे, पांढरी एप्रनं, कानाच्या वर कापलेले केस. शंभर मुली, सगळ्या एका साच्यातल्या. आई घाईघाईनं रांगेवरून चालत निघाली, एकेक तोंड बघत. शेवटपर्यंत गेली. मग परत वळली. दुसऱ्या फेरीला माझं लक्ष गेलं. मधल्या एका मुलीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती तोंड मिटून ताठ उभी होती. ती डॉर्कस होती. आई तिच्या समोरून एकदा गेली होती.

आईनं तिला पोटाशी धरलं. पोरगी लाकडासारखी राहिली. टार्टचा तुकडा तिनं हातात धरला, खाल्ला नाही. आई विचारत होती, तुला बरं आहे ना, खायला देतात ना, मैत्रीण आहे का कोणी. डॉर्कस म्हणत होती, "हो, मॅडम. नाही, मॅडम." तीन महिन्यांत.

आई त्यानंतरही दर जुलैला गेली. दर वेळी तेच. लढाई सुरू झाली आणि भेटी बंद पडल्या. पंधराव्या वर्षी डॉर्कसला कुठल्याशा घरी कामाला लावलं. पत्ता द्यायचा नियम नव्हता. आई संस्थेच्या पत्त्यावर लिहायची. पत्रं पुढं जायची की नाही, देव जाणे.

मॅथ्यूचं वेगळं. त्यानं गावाचं नाव लक्षात ठेवलं होतं, आणि तो १९४० साली आपणहून आला. संस्थेनं त्याला पलटणीच्या बँडमध्ये घातलं होतं. पंधरा वर्षांचा, बटणं चकचकीत, दारातूनच ओरडला, "काय गं म्हातारे, ओळखतेस का?" आईनं त्याला ओळखलं, आणि आमच्या घरात पाच वर्षांनी ते चार घरं सोडून ऐकू जाणारं हसू ऐकू आलं. पुडिंगच्या तीन ताटल्या खाल्ल्या त्यानं. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बिगुल वाजवला, फॅगबाईंची कोंबडी दोन दिवस अंडं देईना. सुट्टी मिळाली की यायचा. तोही गेला, इटलीत, १९४४ मध्ये, एकोणीस वर्षांचा. तार संस्थेला गेली. कागदावर त्याचे नातेवाईक म्हणून संस्थेचंच नाव होतं. आईला सात महिन्यांनी कळलं, तिनं त्याला पाठवलेले मोजे परत आले तेव्हा. पार्सलवर 'मृत' असा शिक्का होता. मी पोस्टात कामाला लागले होते तेव्हा. ते पार्सल माझ्याच हातात आलं. गल्ली चढून घरी जायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

बाबा १९५० साली वारले. मी लग्न केलं नाही. आई आणि मी, दोघीच राहिलो. तिनं बोलल्याप्रमाणे पुन्हा मूल घेतलं नाही. गल्लीतल्या लेकुरवाळ्या बायका सल्ल्याला यायच्या, दात येताना काय द्यावं, खोकल्याला काय. ती सांगायची, पण बाळ हातात घ्यायची नाही. हात ओले आहेत म्हणायची.

१९६१ च्या ऑक्टोबरात पत्र आलं. संस्था आता विचारलं तर पत्ते देऊ लागली होती. पत्र चार ओळींचं. मी मिसेस प्रेंटिस, पूर्वीची डॉर्कस एलवुड. येत्या शनिवारी एक तासभर येऊ इच्छिते. सोयीचं नसल्यास कळवावं.

आईला तेव्हा सदुसष्टावं होतं, गुडघे गेले होते. तिनं आठवड्यात घर दोनदा पुसून काढलं. शनिवारी राखाडी कोट घातलेली, नीटनेटकी, बत्तीस वर्षांची बाई दारात उभी राहिली. ते तपकिरी डोळे मी कुठंही ओळखले असते. आई पुढं झाली, तिचे हात वर आले, आणि अर्ध्यात थांबले.

"बसा ना," आई म्हणाली. "थंडी वाजली असेल तुम्हाला."

"आभारी आहे, मिसेस हॉग्बेन."

चहा झाला. केक तिनं घेतला नाही. पर्समधून वही आणि पेन्सिल काढली. ती कॉव्हेंट्रीला एका कचेरीत काम करते म्हणाली, लघुलेखन करते.

"माझी मुलगी आहे. हेदर. पावणेसहा वर्षांची झाली. ती रोज विचारते, आई, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा काय करायचीस? मला संस्थेतलं सगळं आठवतं. त्याच्या आधीचं काहीच नाही. कोरं आहे. जगात ते सांगू शकेल असं दुसरं कोणी नाही, म्हणून आले."

"काय सांगू?" आईनं विचारलं.

"सगळं."

मग आईनं सांगायला सुरुवात केली. आधी चाचरत, तुम्ही-तुम्ही करत. "तुम्ही आलात तेव्हा हॉप्स तोडायचे दिवस होते. तुम्हाला आम्ही ढिगावर निजवलं." पण सांगता सांगता तिचा आवाज सुटला. "पहिला दात वरचा आला तुझा. सगळ्यांना खालचा येतो, तुला वरचा. चालायला लागलीस ती बाबांच्या बुटांत. बूट असे मोठे, की तोल जायचाच नाही तुझा. फॅगबाईंच्या बदकाला तू चावली होतीस! बदक नाही गं तुला चावलं, तू त्याला! चंद्राला तू 'तिकडचा दिवा' म्हणायचीस. कोणी मालवत का नाही म्हणून रडायचीस. कांजिण्या आल्या तेव्हा एनिडच्या बाहुलीलापण ठिपके काढलेस, काजळीनं…"

डॉर्कसची पेन्सिल चालली होती. तासाचे दोन झाले, अडीच झाले. मी दिवा लावला. एकदा, बदकाच्या वेळी, तिच्या तोंडाचा कोपरा हलला. ती वर न बघता म्हणाली, "पुढं?"

शेवटी आई दमली. डॉर्कसनं वही मिटली.

"एक मला तुम्ही न सांगताही आठवतं," ती म्हणाली. "खेळांच्या दिवशी तुम्ही माझ्या समोरून गेलात."

"हो," आई म्हणाली.

"मी हाक मारणार होते. रांगेत बोलायची मनाई होती. वाटलं, ओळखतीलच."

"केस कापले होते गं तुझे."

"केस कापले होते. तोंड तेच होतं."

मला बोलावंसं वाटलं, की बाबांनी पत्र लिहिलं होतं, की हिनं मेट्रनला सगळं सांगितलं होतं, की हिनं पुन्हा मूल घेतलं नाही. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

डॉर्कस उठून कोट घालू लागली. "तुम्ही वाईट होता असं मी म्हणत नाही. पण मी पुन्हा येणार नाही, मिसेस हॉग्बेन. मी इथं येताना गाडीतून दोनदा उतरून परत फिरणार होते. असं मला परवडत नाही. मुलगी आहे, नोकरी आहे."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."

ती गेली. फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला. आई उरलेला केक डब्यात भरू लागली. झाकण लावता लावता म्हणाली, "एनिड, डोळ्यावरचा व्रण राहिला सांगायचा. भुवईतला. कशानं झालाय ते तिला माहीत नसेल."

सोमवारी ती काठी टेकत पोस्टात आली, रांगेत उभी राहिली, आणि माझ्याकडून पोस्टकार्ड घेतलं. काउंटरवरच लिहिलं. भुवईवरचा व्रण कोळशाच्या बादलीचा. तीन वर्षांची होतीस. रडली नाहीस. बी. हॉग्बेन.

त्यानंतर आठवेल तसं कार्ड जायचं. कधी आठवड्यात दोन, कधी महिनाभर एकही नाही. गाडी दिसली की तू दोन्ही हातांनी कान झाकायचीस. भट्टीतल्या उंदराला तू नाव ठेवलं होतंस, सर हेन्री. तुला ताप आला की पाय चोळलेले आवडायचे. कधी खुशाली विचारली नाही, कधी ये म्हटलं नाही. डॉर्कसला जे हवं होतं तेवढंच लिहायची. उत्तर एकदाही आलं नाही. कार्डं परतही आली नाहीत. मी म्हटलं, "आई, तिनं सांगितलंय ना, पुरे म्हणून." तर म्हणाली, "येणार नाही म्हणाली ती. पुरे म्हणाली नाही."

आईची छाती १९६४ च्या फेब्रुवारीत भरली. पाच दिवस तापात होती. चौथ्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, "लिही. माझ्या हातानं नाही होत." मी कार्ड घेतलं. तिचे ओठ हलले, पण शब्द कळले नाहीत. मी कान लावला, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. कार्ड कोरंच राहिलं. पाचव्या दिवशी पहाटे ती गेली.

मी डॉर्कसला कळवलं. दफनाला ती आली नाही. मी तिची वाट बघत होते असंही नाही. फॅगबाई मात्र आल्या, काठीवर, शहाऐंशी वर्षांच्या, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडल्या.

तीन आठवड्यांनी कॉव्हेंट्रीहून पत्र आलं.

"प्रिय मिस हॉग्बेन, आपलं पत्र मिळालं. वाईट वाटलं. कार्डं सगळी मिळाली होती. हेदर आता आठ वर्षांची आहे. ती डाव्या हातानं लिहिते. शाळेत विचारतात, घरात कोणी डावखुरं होतं का. संस्थेत आम्हाला सगळ्यांना उजव्याच हातानं लिहायला लावत, न लिहिलं तर हात बांधत. माझा बांधलेला आठवतो, पण तो कोणत्या कारणानं ते नाही आठवत. त्याआधी मी डावखुरी होते का? हे मिसेस हॉग्बेन यांना विचारायचं राहून गेलं. आपल्याला ठाऊक असल्यास कळवावं."

मी पत्र टेबलावर ठेवून बसले. चार वर्षं आम्ही एका बिछान्यात झोपलो. एका बाकावर बसून जेवलो, रोज, तीन वेळा. मी डोळे मिटून तिला तिथं बसवून बघितलं. निळा फ्रॉक दिसायचा. कड काढलेला पाव दिसायचा. चमचा तोंडाकडे जाताना दिसायचा. हात दिसायचा नाही.

मी फॅगबाईंकडे गेले. त्यांनी काठीनं विस्तव सारखा केला. मग म्हणाल्या, "अगं, ते बर्थाला विचारायचं होतंस."

टोलहर्स्टबाई कधीच वारल्या होत्या. जुन्या कपाटातले फोटो काढले. दोनच होते डॉर्कसचे, आणि दोन्हीत तिनं हात पाठीमागे धरलेले.

हो लिहावं असं मनात आलं होतं. एका ओळीचं काम होतं, त्या मुलीचंही भलं झालं असतं. पण आई असं कधी अंदाजानं लिहायची नाही. चौथ्या दिवशी मी उत्तर टाकलं. लिहिलं, मला आठवत नाही. मी तेव्हा नीट बघितलं नाही.